चव्वेचाळीस पौंड

संयोगितानं सकाळची मॅच सरळ दोन सेटमध्ये काढली, तोंडावर पाणी मारलं आणि कपडे न बदलताच कोर्टामागच्या पत्र्याच्या खोलीत मशीनपाशी येऊन उभी राहिली. स्पर्धा देशभरातल्या खेळाडूंची होती. रॅकेटच्या जाळ्या विणायचं, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत गटिंगचं काम तिच्या वडिलांकडं होतं. साठी उलटल्यापासून पिराजींना दुपारी अर्धा तास पाठ टेकल्याशिवाय जमायचं नाही, म्हणून तेवढा वेळ मशीन ती सांभाळायची.

पिराजींनी उमेदीत याच कोर्टांवर पाणी मारलं होतं, रूळ ओढला होता. मग कुणाचं तरी बघून ते गटिंग शिकले, कोल्हापूरच्याच मंगळवार पेठेत एक गाळा घेतला आणि पोरीच्या हातात रॅकेट दिली. त्यांचा एक नियम होता. प्रत्येक रॅकेटला चिठ्ठी बांधायची. खेळाडूचं नाव, गट म्हणजे जाळीची तार कुठली आणि ताण किती पौंड, एवढं लिहायचं. पण एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नजरेला पडू द्यायची नाही. "डॉक्टर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला दाखवतोय व्हय?" असं ते म्हणायचे.

त्या बुधवारी मशीनवर धैर्यशीलची रॅकेट होती. धैर्यशील राधानगरीकडचा. घरी म्हशी, दूध, भात. आणि त्या घरातून हा सहा फुटी गडी बाराव्या वर्षी कोल्हापुरात टेनिस शिकायला आला होता. गेल्या मे महिन्यात त्याचा आणि संयोगिताचा साखरपुडा झाला होता. लग्न फेब्रुवारीत होतं. एरवी तो बावन्न पौंडांवर कडक गट लावायचा. या खेपेला त्यानं मऊ गट मागितला होता आणि ताण चव्वेचाळीस, म्हणजे हाताला हादरा कमी बसेल. डावं मनगट दोन आठवड्यांपासून दुखत होतं. बॅकहँड तो दोन्ही हातांनी मारायचा, आणि चेंडू खांद्याच्या वर उडाला की मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत जायची. हे तिला आणि क्लबचा फिजिओ पृथ्वीराज याला, दोघांनाच माहीत होतं.

"विजयसिंह सरांनासुद्धा सांगायचं न्हाय," धैर्यशीलनं तिला बजावलं होतं. "एवढी एक स्पर्धा काढू दे."

ही स्पर्धा जिंकणाऱ्याला पुढच्या महिन्यातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळणार होता. धैर्यशील सव्वीस वर्षांचा झाला होता. अशा संधी आता मोजक्याच उरल्या होत्या.

दार वाजलं. ऋषभ आत आला.

ऋषभ इचलकरंजीचा. त्याच्या वडिलांचे, धनपाल आण्णांचे, माग होते. तो, धैर्यशील आणि संयोगिता, तिघंही प्रशिक्षक विजयसिंह सरांच्या हाताखाली एकाच कोर्टावर वाढले. धैर्यशील आणि ऋषभ यांच्यात कोण वरचढ, यावर क्लबमध्ये चौदा वर्षं वाद चालू होता, आणि दुसऱ्या दिवशी उपांत्यपूर्व फेरीत तेच दोघं समोरासमोर येणार होते. पण संयोगिता त्याच्याकडं बघायची टाळायची त्याचं कारण वेगळं होतं. धैर्यशीलच्या आधी तीन वर्षं ती ऋषभची होती. घरी कधी सांगतोस, असं तिनं त्याला कितीतरी वेळा विचारलं. आधी मोठ्या भावाचं लग्न होऊ दे, मग मागांचं नवीन शेड होऊ दे, मग आण्णांची तब्येत सुधारू दे. तो कधी नाही म्हणाला नाही आणि कधी बोललाही नाही. शेवटी तिनंच येणं-जाणं बंद केलं. त्यानंतर वर्षभरानं, एका स्पर्धेहून परतताना, धैर्यशीलनं भरल्या बसमध्ये सगळ्यांसमोर तिला विचारलं, "माझ्याशी लगीन करतीस काय?" तिला हसू आलं होतं. तिला त्याचा तो मोकळेपणा आवडला होता.

"माझ्या दोन रॅकेट झाल्या काय?" ऋषभनं विचारलं.

"कोपऱ्यात हायत. घे."

त्यानं रॅकेट घेतल्या, पण गेला नाही.

"मी आण्णांना सांगितलं," तो म्हणाला.

"काय?"

"आपलं. तुझ्या साखरपुड्याच्या दिवशी सांगितलं. जेवणाच्या ताटावरनं उठलो आणि सांगितलं."

संयोगिताच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "मग काय म्हणाले?"

"काय न्हाय. जेवत ऱ्हायले. आणि मग म्हणाले, आधी सांगायचं न्हवतं व्हय? मी न्हाय म्हणलो नसतो."

तीन वर्षं ज्या भिंतीला ती डोकं टेकून बसली होती, ती भिंत नव्हतीच. ओरडावं, की रडावं, की त्याला हाताला धरून बाहेर काढावं, तिला कळेना. ऋषभनं मान खाली घातली. आणि त्याची नजर मशीनवरच्या रॅकेटवर पडली. चिठ्ठी वरच्या बाजूला होती. धैर्यशीलचं नाव, मऊ गट, चव्वेचाळीस.

तो वाचतोय हे तिनं बघितलं. रॅकेट फिरवायला, चिठ्ठीवर तळहात ठेवायला एक क्षण पुरला असता. तिचा हात हलला नाही. ऋषभ चांगला पाच-सहा सेकंद तिथं बघत उभा राहिला, आणि आठ पौंड एकदम का उतरतात, आणि दोन्ही हातांनी बॅकहँड मारणाऱ्याचं आधी काय दुखतं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"येतो," म्हणून तो गेला.

संध्याकाळी सातला धैर्यशीलचा फोन आला. तो खुशीत होता. पृथ्वीराजनं मनगट बांधून दिलं होतं, सूज उतरली होती.

"उद्या त्येला कळायच्या आत पहिला सेट मारतो. एकदा का पुढं गेलो, की गडबडतोय गडी. तुला म्हाईतच हाय की."

"धैर्या," ती म्हणाली.

"काय?"

आता सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यानं रात्रीत काहीतरी बेत बदलला असता, नाहीतर माघार घेतली असती. पण मग, ऋषभ तिथं का उभा होता, काय बोलत होता, हेही सांगावं लागलं असतं.

"नीट झोप," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी दहाला मॅच सुरू झाली. राधानगरीहून धैर्यशीलची आई बाळाबाई आणि चार नातेवाईक आले होते. संयोगिता त्यांच्याशेजारी बसली. पहिला सेट धैर्यशीलनं ठरवल्याप्रमाणे मारला, सहा-चार. ऋषभ नेहमीसारखा खेळला. मुद्दाम बॅकहँडवर एकही चेंडू टाकला नाही. संयोगिताच्या छातीवरचं ओझं हळूहळू उतरलं. तो चिठ्ठी विसरला, किंवा त्यानं विसरायचं ठरवलं, असं तिला वाटलं आणि त्याच्याबद्दल तिच्या मनात काहीतरी हललं. त्याची तिला तिथंच लाजही वाटली.

दुसऱ्या सेटमध्ये ऋषभ तीन-शून्यनं मागं पडला. बाकावर बसला, टॉवेल डोक्यावर घेतला. उठला तेव्हा तो वेगळा खेळायला लागला. सर्व्हिस बॅकहँडवर. परतीचा फटका बॅकहँडवर. प्रत्येक चेंडू असा गरगरत यायचा, की मातीवर पडून धैर्यशीलच्या खांद्यापर्यंत उसळायचा. एक, दोन, दहा, वीस. लोकांना वाटलं, ऋषभला सूर सापडला. बाळाबाई म्हणाल्या, "ह्यो सारखं तिकडंच का टाकालाय गं?"

दुसरा सेट गेला. तिसऱ्यात धैर्यशील बॅकहँड एका हातानं नुसता कापून परत करायला लागला. सरांनी कुंपणाबाहेरून सोड म्हणून हातवारे केले. त्यानं बघितलंच नाही. चार-एक मागं असताना त्यानं एका चेंडूवर पुन्हा दोन्ही हातांनी जीव खाऊन फटका मारला. रॅकेट हातातून निसटून मातीवर पडली आणि तो मनगट पोटाशी धरून गुडघ्यावर बसला.

दवाखान्यात सांगितलं, मनगटाचा स्नायुबंध फाटलाय. शस्त्रक्रिया लागेल. सहा महिने रॅकेट धरायची नाही. त्यानंतर पूर्वीसारखा खेळता येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. धैर्यशील छताकडं बघत सगळं ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, "त्येला कुणी सांगितलं? दोघांनाच म्हाईत हुतं. तू आणि पृथ्वीराज."

संयोगिता गप्प राहिली. त्यानं तो गप्पपणा आपल्या परीनं समजून घेतला. दुपारीच त्यानं सरांना फोन केला, आणि संध्याकाळी सरांनी पृथ्वीराजला क्लबवर येऊ नको म्हणून सांगितलं. पोरगा सहा महिन्यांपूर्वी लागला होता, आणि त्याला स्वतःची बाजू मांडायलासुद्धा कुणी दिली नाही.

हे संयोगिताला कोर्टावर कळलं. ती तिथंच ऋषभला शोधत गेली. तो सरावाच्या भिंतीशी बूट सोडत बसला होता.

"तू वाचायचं न्हवतंस," ती म्हणाली.

"तू झाकली न्हाईस." त्यानं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत एक आशा होती, आणि ती बघून तिच्या अंगावर काटा आला. "संयू, मला वाटलं तू मुद्दाम... मला वाटलं, तुझं अजून..."

"पहिल्या सेटात का न्हाय खेळलास मग तिकडं?"

"न्हाय खेळायचं असंच ठरवलं हुतं."

"आणि मग?"

तो बराच वेळ बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिला. "हराय लागलो हुतो," तो म्हणाला.

तिला आणखी काही विचारायचं राहिलं नाही. ती निघाली. मागून त्यानं दोनदा हाक मारली.

दवाखान्यात बाळाबाई चहा घ्यायला खाली गेल्या होत्या. धैर्यशील उशाला टेकून बसला होता. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. ऋषभ आला होता, चिठ्ठी दिसली, त्यानं वाचली, पृथ्वीराजचा काही संबंध नाही.

"दाखवलीस का दिसली?"

"दिसली. पण मी झाकली न्हाय. बघत हुते तो वाचताना."

"का?"

तिनं आण्णांचं सांगितलं. जसं झालं तसं, शब्दाला शब्द. धैर्यशीलचा चेहरा हलला नाही.

"आणि मी फोन केला तवा?"

"तेव्हा भ्याले."

त्यानं उजव्या हातानं फोन उचलला आणि सरांना लावला. "सर, पृथ्वीराजचं माझं चुकलं. त्येनं काय केलं न्हाय. मी स्वतः येऊन त्येची माफी मागणार हाय, पर तुम्ही आत्ता फोन करा त्येला." सरांनी काहीतरी विचारलं असावं. "ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "कुणी न्हाय. माझंच नशीब." मग फोन ठेवून तिला म्हणाला, "जा. उद्या मॅच हाय तुझी."

वडिलांना सांगणं याहून अवघड गेलं. पिराजी ओरडले नाहीत. शुक्रवारी सकाळी ते स्पर्धेच्या संयोजकांकडं गेले, उद्यापासून दुसरा माणूस बघा म्हणाले, आणि राहिलेल्या नऊ रॅकेट तेवढ्या विणून दिल्या. तिची मॅच चालू होती तेव्हा ते खोलीच्या बाहेर आले नाहीत. ती हरली. ऋषभ उपांत्य फेरी जिंकला, अंतिम फेरीही जिंकला. बक्षीस घेताना त्याला टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी त्यानं तिला लांबलचक निरोप पाठवला. धनपाल आण्णा तिच्या घरी यायला तयार आहेत, असं त्यात होतं. तिनं एवढंच लिहिलं, "येऊ देऊ नकोस."

जानेवारीत ती राधानगरीला गेली. धैर्यशीलची शस्त्रक्रिया होऊन महिना झाला होता. फोनवर तो बोलायचा, पण हवापाण्याचं. लग्नाची तारीख त्याच्या घरच्यांनी हात बरा होईपर्यंत पुढं ढकलली होती. तो गोठ्याबाहेर कट्ट्यावर बसला होता, डावा हात पट्ट्यात. बाळाबाईंनी तिला चहा दिला, जवळ घेतलं आणि आत गेल्या. त्यांना काही माहीत नव्हतं.

"एक विचारू?" धैर्यशील म्हणाला. "खरं सांग. राग मानणार न्हाय. त्येनं त्येच्या बाला वेळेवर सांगितलं असतं, तर?"

या प्रश्नाचं एक सोपं उत्तर होतं. वाटभर तिनं तेच घोकलं होतं.

"तर त्याच्याशी लग्न केलं असतं," ती म्हणाली.

धैर्यशीलनं मान हलवली. तो समोरच्या भाताच्या रिकाम्या खाचरांकडं बघत होता.

"आणि आता?"

"आता त्याचं तोंड बघवत न्हाय. पण ते तुझ्यामुळं न्हाय, धैर्या. ते त्यानं जे केलं त्यामुळं. तुला खोटं सांगून तुझ्या घरात यायचं न्हाय मला."

"हात धड ऱ्हायला असता तर चाललं असतं कदाचित," तो म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला. "रोज हे मनगट बघायचं आणि तू समोर. मला न्हाय जमायचं, संयू. मी काय एवढा मोठ्या मनाचा न्हाय."

"कळतंय मला."

"आईला मी सांगतो. तू काय बोलू नको."

तिनं बोटातली अंगठी काढून कट्ट्यावर, त्याच्या उजव्या हाताशी ठेवली. त्यानं ती लगेच उचलली नाही. दोघं उठले. थांब्यापर्यंत तो तिच्याबरोबर चालत आला. वाटेत पुढच्या आठवड्यात तिची मॅच कुणाशी आहे ते त्यानं विचारलं. तिनं नाव सांगितलं.

"डावखुरी हाय ती," तो म्हणाला. "सर्व्हिस तुला बाहेर बाहेर ओढणार. दोन पावलं आधीच सरकून उभी ऱ्हा."

एसटी आली. ती चढली, खिडकीशी बसली. गाडी वळेपर्यंत तो रस्त्याच्या कडेला उभा होता. मग एका हातानं फाटक लोटून आत गेला. पुढच्या गावापर्यंत तिनं रडू आवरून धरलं. तिथं शेजारी एक बाई येऊन बसली आणि कुठं निघालीस गं बाळ, म्हणाली, तेव्हा मात्र ते आवरलं नाही.