चौदाचा खोटा आकडा

मित्रांनो, मी विजेचा दाब मोजणारा एक जुना मीटर आहे. रंग पिवळा, आणि अंगाला काळी व लाल अशा दोन वायरी. नॉर्वेतल्या एका फ्योर्डकाठी, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीकाठी, गुडवाइग नावाच्या बाई मोटारसायकली दुरुस्त करतात. त्यांच्याकडे मी एकोणीस वर्षे काढली. "माझा पिवळा कधी खोटं बोलत नाही," असे त्या गिऱ्हाइकांना सांगत. ते ऐकून मी फुलून जाई. आज ते वाक्य आठवले की तोंड लपवावेसे वाटते.

माझ्या पोटातही एक छोटी बॅटरी असते. ती उतरू लागली की पडद्याच्या कोपऱ्यात खूण उमटते. पण त्या कोपऱ्यावर ग्रीसचा थर बसला होता आणि तो कोणी पुसला नव्हता. बॅटरी अशक्त झाली की मी कमी नव्हे, उलट जास्त आकडे दाखवू लागतो.

मे महिन्यात आर्नफिन आपली मोटारसायकल ढकलत आले. वय अठ्ठ्याहत्तर. दर गुरुवारी ते गाण्याच्या सरावाला शेजारच्या गावी जात. त्यांच्यासारखा खर्ज तिथे कोणाचाच नव्हता. सोबत त्यांची मुलगी सोलरुण होती.

"महिन्यात तिसऱ्यांदा बॅटरी बसली बघ," ते म्हणाले.

गुडवाइगबाईंनी बॅटरी चार्ज केली, इंजिन चालू केले आणि मला लावले. चालू इंजिनावर आकडा चौदाच्या आसपास आला की चार्जिंग ठीक समजतात. खरा आकडा जेमतेम बारा होता. मी चौदा दाखवले. इंजिन बंद असताना चांगली बॅटरीही तेराच्या आतच असते; तसे एकदा मोजले असते, तर माझे पितळ तिथेच उघडे पडले असते. पण दाराशी दुसरे गिऱ्हाईक खोळंबले होते.

"गाडी ठणठणीत आहे, आर्नफिन. तुम्ही किल्ली चालूच ठेवून जात असाल."

"मी? छे! काढून खिशात टाकतो."

"बाबा, परवा कॉफी चुलीवर ठेवून मासे आणायला गेला होतात," सोलरुण म्हणाली. "आठवतंय का?"

आर्नफिननी माझ्याकडे पाहिले. "यंत्र कशाला खोटं बोलेल," ते हळूच म्हणाले. "मीच विसरत असेन."

पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा बंद पडली. सोलरुणने किल्ली आपल्याकडे ठेवून घेतली. आर्नफिननी सरावाला जाणेही सोडले. जूनमध्ये ते स्वतःच गाडी ढकलत घेऊन आले आणि गुडवाइगबाईंना म्हणाले, "विकून टाक गं गाडी. उद्या गाण्याचे शब्दही विसरेन मी."

घेणाऱ्याला गाडी चालू करून दाखवता यावी म्हणून गुडवाइगबाईंनी नवी बॅटरी काढली आणि सहज मला लावले. मी चौदाच्याही वर गेलो.

"कशालाच न जोडलेली बॅटरी, आणि चौदा?" त्यांनी माझा पडदा अंगठ्याने पुसला. खूण दिसली. "मेल्या!" एवढेच त्या म्हणाल्या.

माझी बॅटरी बदलून त्यांनी आर्नफिनच्या गाडीवर पुन्हा मोजले. या वेळी मी खरे सांगितले: बारा. इंजिन कितीही वेगाने फिरवा, बाराच. मग सीटखाली शोधल्यावर, वीज बॅटरीपर्यंत आणणाऱ्या वायरींचा प्लग जळून काळा झालेला सापडला.

बाई तो प्लग आणि मला घेऊन थेट आर्नफिनच्या घरी गेल्या. आम्हा दोघांना टेबलावर ठेवले.

"चूक माझी होती. आणि याची. तुमची नव्हती."

सोलरुण गोरीमोरी झाली. आर्नफिन बराच वेळ प्लग हातात फिरवत राहिले.

"म्हणजे किल्ली मी काढत होतो?"

"दर वेळी."

ते खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते.

गाडी आता बरी आहे आणि किल्लीही त्यांच्याकडे आहे. पण दहा पावले गेल्यावर आर्नफिन अजून थबकतात, खिसा चाचपतात, परत फिरून गाडी बघतात. हा संशय मी त्यांच्या मनात घातला, आणि तो काढणारे अवजार कोणत्याच गॅरेजात नाही.

मित्रांनो, आम्ही मापे तुमच्यासारखीच थकतो. आम्हाला पुसत जा, अधूनमधून आमचीच परीक्षा घ्या. आणि कोणी कळवळून सांगत असेल की "मी नाही विसरलो", तर आमचा आकडा त्याच्या तोंडावर मारण्याआधी आणखी एकदा मोजून बघा.