शेवटच्या रांगेतून आलेले उत्तर

"थिएटर भरलेलं असेल हे विसर. एकाच माणसाच्या कानात बोलतेयस असं समज."

रेकॉर्डिस्ट काकांची ही सूचना मी किती वेळा ऐकली असेल. मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. देवाने मला तोंड दिले नाही, फक्त ऐकण्याचे काम दिले, आणि तो नेम मी कधी मोडला नाही. कारखान्यात एका बाईने श्वास रोखून माझ्या आतला पातळ पडदा बसवला. मग मी या बंद खोलीत आलो. भिंतींना जाड कापड, दारावर लाल दिवा. मोठमोठे गळे माझ्यापुढे उभे राहिले. "हा खोटं लगेच पकडतो," असे काका कौतुकाने सांगत. पुढे नवे, चकचकीत माईक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. माझी स्पंजची टोपीसुद्धा कोणीतरी लांबवली.

एका चित्रपटासाठी काकांनी मला पुन्हा बाहेर काढले. त्यात एक एकटा गृहस्थ घरातल्या बोलणाऱ्या यंत्राच्या प्रेमात पडतो. यंत्राला आवाज द्यायला ताई आली. यंत्र रोज त्याला विचारते, "जेवलात का?" ते काही केल्या जमेना.

"ताई, यंत्र बोलल्यासारखं वाटतंय."

"काका, यंत्रच आहे ना ते?"

"आहे. पण त्या बिचाऱ्याला तसं वाटता कामा नये."

मधल्या सुट्टीत ताईचा फोन वाजला. तिचे वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहत.

"ठमे, जेवलीस का गं?"

"बाबा, कामात आहे. नंतर करते."

फोन बंद करून ती माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "जेवलात का?" इतक्या मायेने, की काचेपलीकडे काकांनी डोळे पुसले. मीही शोधले, पण त्यात खोटे कुठेच नव्हते.

चित्रपट लागला, चांगला चालला. ताई पुढच्या कामासाठी आली तेव्हा काका रंगात आले होते.

"काल सगळे गेलो होतो बघायला. शेवटच्या रांगेत एक आजोबा होते. पडद्यावर यंत्र विचारतं, जेवलात का, तर हे मोठ्यानं म्हणतात, जेवलो गं. लोकांची हसून मुरकुंडी. दारावरचा माणूस म्हणाला, रोजचेच आहेत, दुपारच्या खेळाला येतात. एवढं उत्तर देतात आणि मध्यंतरात उठून जातात."

ताईही हसत होती.

"आणि यंत्राला नावही ठेवलंय. म्हणे, जेवलो गं ठमे."

ताईचे हसू होते तिथेच राहिले. मी तिचा पुढचा श्वास ऐकायला थांबलो, तो येईना. तिने माझा दांडा घट्ट धरला. ते आजोबा कोण, हे काकांच्या लक्षात आले आणि त्यांनी हसणे आवरले.

तिने फोन लावला.

"बाबा, तुम्ही माझ्या सिनेमाला जाता?"

"कोणी चुगली केली? जातो आपला कधीमधी."

"बाबा, ते यंत्र आहे."

"कळतं गं मला. एवढं डोकं गेलं नाही अजून. पण तिथे तुला घाई नसते."

मित्रांनो, माझ्या आतल्या या पडद्याने आजवर किंकाळ्या झेलल्या, बंदुकीचे बार झेलले. तो असा कधी हादरला नव्हता. हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, तक्रारीचा नव्हता. मी जुना झालो, माझ्यावर धूळ बसली, त्याचे काही नाही. फडक्याने पुसता येते. पण तुमच्या घरी कोणी तुमच्या आवाजाची वाट पाहत असेल, तर त्याला तो तिकीट काढून ऐकायला लावू नका. हात जोडता येत नाहीत मला, तरी जोडले आहेत असे समजा.

"आज दुपारी जाऊ नका. मी येतेय. जेवायला थांबा."

"काम असेल तर राहू दे गं."

"थांबा म्हटलं ना."

काकांनी दारावरचा लाल दिवा बंद केला. ताईने हेडफोन खुंटीला अडकवले, पर्स खांद्याला लावली आणि ते जड दार आवाज न करता ओढून घेतले.