काष्ठमौन

आश्विन सरत आला होता. अजिंक्यताऱ्याच्या खांद्यावरून उतरलेलं ऊन, चिंचेनं उजळलेल्या पितळेसारखं ऊन, साताऱ्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर शिरलं आणि नयनाच्या नव्या स्वयंपाकघरात येऊन दिपलं.

कपाटं शुभ्र. कपाटं तकतकीत. कपाटं हंसधवल, निर्लेप, नि:शब्द. आणि त्यांच्या तळाशी, चार बोटांच्या फटीत, काळे ओबडधोबड प्लास्टिकचे पाय. देखण्या बाईच्या भेगाळल्या टाचाच जणू.

त्या टाचा झाकायला पांचाळ मिस्त्री आले होते. फटीच्या मापाच्या पांढऱ्या पट्ट्या कापायच्या, पायांवरच्या क्लिपांत दाबून बसवायच्या. की सगळं कसं एका शिंपल्यातून कोरल्यासारखं.

दाराशी, उन्हाच्या कडेला, पाटावर अक्का बसली होती. नयनाची थोरली नणंद. शुभ्रवसना, शीर्णदेहा, वैधव्यानं माहेरी परतलेली.

चातुर्मासाचं काष्ठमौन होतं तिचं. स्नानापासून दिवेलागणीपर्यंत ओठांवर शब्द नाही, हाताला खूण नाही, मानेला होकार नाही, नकार नाही. लाकूड जसं असतं तसं असायचं. भावाची लेक शाल्मली, सहा वर्षांची. तिच्या छातीत दम्याचं पाखरू फडफडायचं. त्या लेकीसाठी औंधच्या यमाईला तिनं बोलून ठेवलं होतं: माझे शब्द घे, आई, तिचा श्वास राहू दे.

आणि तो पाट. शिसवी पाट, कोपऱ्याकोपऱ्यात पितळी फुलं. हळदीच्या अंगानं ती याच पाटावर बसली होती, शेजारी तो बसला होता. तो गेला. सासरच्यांनी घर ठेवून घेतलं, दागिने ठेवून घेतले. तिनं मागितला फक्त पाट. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर तिची म्हणावी अशी जागा तेवढीच होती.

सिंकखालची शेवटची पट्टी मिस्त्रींनी कापली, आणि ती आखूड पडली.

“चुकलंच बघा माप, वहिनी. भिंत तिरकी हाय हिकडची. उद्या नवी आणतो.”

“उद्या माझ्या माहेरची माणसं येणार! त्यांना काय दात पडल्यासारखी फट दाखवू?” नयनाची नजर घरभर फिरली, फिरत फिरत खाली उतरली, आणि पाटापाशी थांबली.

“अक्का, उठा बरं जरा.”

उठणं म्हणजे शब्द नव्हे, खूणही नव्हे. अक्का उठली.

“हा घ्या. याची निघेल पट्टी.”

“अहो, बसायचा पाट हाय त्यो! शिसवी. असलं लाकूड आता बघायला मिळत न्हाई.”

“मग वरून पांढरा सनमायका डकवा, म्हणजे बघायलाच नको.” ती अक्काकडे वळली. आवाजाला मध चढला. “अक्का, तुमची हरकत असेल तर सांगा हं. एक शब्द पुरे. मी काय जबरदस्ती करणारी बाई आहे?”

तिला ठाऊक होतं. हे मौन कुणाच्या श्वासासाठी, पुरतं ठाऊक होतं. तिनं एका पारड्यात पाट ठेवला, दुसऱ्या पारड्यात आपलीच लेक ठेवली, आणि हसत उभी राहिली.

अक्काचे डोळे भरून आले. पण पाणीसुद्धा खूणच की! तिनं पापण्या मिटून घेतल्या.

“ताई, कापू का नगं?” मिस्त्रींनी वाकून विचारलं.

“गप्प आहेत म्हणजे चालेल त्यांना,” नयना म्हणाली. “आमच्या अक्का मोठ्या मनाच्या. दुसऱ्याच्या घरात राहायचं तर मन मोठंच लागतं, नाही का?”

पटाशीनं फुलं उचकटली. फूल फूल फरशीवर पडलं, किणकिणलं, निमालं. नयनानं ती कचऱ्याबरोबर सुपलीत भरली.

मग यंत्र गरजलं. पातं फिरलं, वाटोळं, रौप्यकांती, निर्दय. शिसवाच्या कडेला ते टेकलं आणि लाकडातून जुना गंध सुटला. हळदीचा गंध, अक्षतांचा गंध, शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी तरुण अंगाचा गंध.

“नको!”

अक्का ओरडली. सारा जन्म कंठात गोळा करून ओरडली. “नको, नको गं!”

कुणालाच ऐकू गेलं नाही. जात्यात पडलेल्या दाण्यासारखा तो शब्द त्या गर्जनेत दळला गेला. मिस्त्रींची पाठ होती. नयना कानांवर हात ठेवून खिडकीकडे वळली होती. पाट चिरत गेला, चिरत गेला, दुभंगला. नेम मोडला होता, आणि मोडून काहीच वाचलं नव्हतं.

पांढरं कातडं पांघरून शिसवाची पट्टी कपाटाखाली गेली. क्लिप कटकन मिटली.

“बघा, आता कसं!” नयनाचा चेहरा उजळला.

दिवेलागण झाली. समई लागली. चित्रकलेच्या क्लासहून शाल्मली धावत आली, दप्तर भिरकावून आत्यापुढे बसली, हनुवटी तळहातांत धरून. रोज मौन सुटायचं ते तिच्या नावानं. दिवसभराच्या नि:शब्दातून उमललेला पहिला शब्द तिचा. तो तिचा मान होता.

“आत्या, घे की माझं नाव! लवकर, मला भूक लागलीय.”

अक्कानं ओठ उघडले. आत पहिला शब्द नव्हताच. तो दुपारीच खर्ची पडला होता, एका लाकडापायी.

“शाल्मली,” ती म्हणाली. हुंगलेलं फूल देवाला वाहावं, तसं नाव.

मुलगी खुदकन हसली. हसता हसता खोकली. आणि खोकला थांबेना. घरभर शिसवाचा भुसा तरंगत होता. सूक्ष्म, सुगंधी, जीवघेणा. छातीतलं पाखरू जागं झालं, शीळ घालू लागलं.

“पंप! अगंबाई, पंप कुठाय? इथंच तर होता, या पसाऱ्यात कुठं गेला मेला!”

सापडला. तोंडाला लावला, पुन्हा लावला. शीळ बारीक झाली. पुरती मिटली नाही. लेकीला उराशी आवळून नयनानं वर पाहिलं.

“अक्का...” तिचा आवाज चिरकला. “आज मोडलं नाहीत ना तुम्ही? दिवसभर पाळलंत ना? बोला ना, अक्का!”

अक्का दोघींकडे पाहत राहिली. खोटं बोलणं सोपं होतं. खोटं बोलणं हीच दया होती. पण चातुर्मासात ती खोटं बोलत नसे.

“मोडलं गं,” ती म्हणाली. हळुवार, अगदी हळुवार, तान्ह्याला थोपटावं तसं. “पाट कापताना मोडलं. मशीनच्या आवाजात तुला ऐकू आलं नाही.”

समईच्या उजेडात भुसा उतरत होता. सोनेरी उतरत होता, सावकाश उतरत होता. आईच्या मंगळसूत्रावर, आत्याच्या रित्या ओंजळीवर, लेकीच्या भिजल्या पापण्यांवर. आणि त्या सोन्यातून एक इवलासा श्वास वर चढत होता, अडत होता, पुन्हा चढत होता.