हाताखालचं चित्र

रातोमिरला सिनेमाची भीती वाटत होती. सकाळी दाढी करताना हनुवटी दोनदा कापली होती. सत्तरीला टेकलेल्या माणसाने एका सिनेमापायी इतकं घाबरावं, हे त्याचं त्यालाच पटेना. पण सिनेमा 'नावाडी वुयो'वर होता, आणि तो त्याच्या मुलीने केला होता.

'नावाडी वुयो' म्हणजे काय, हे पांचेवो गावात कुणाला सांगावं लागत नाही. रात्री माणसांना गुपचूप नदीपार पोचवणारा, कमी बोलणारा वुयो. त्याच्या कॉमिकचे अंक गावातल्याच छापखान्यात छापले जायचे आणि कागद कापायच्या यंत्रावर रातोमिर असायचा. त्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक नेलं, तरी वुयोवरचा त्याचा जीव काही कमी झाला नाही. पुढे अंक बंद पडले, छापखान्यालाही कुलूप लागलं. मग गावातल्या पिकल्या भक्तांनी एक मंडळ काढलं आणि रातोमिरला अध्यक्ष केलं. मंडळाचा एक रिवाज होता, आणि स्पष्टच सांगायचं तर तो दुष्ट होता. कॉमिकवरून कुणी नाटक-सिनेमा केला की पहिल्या खेळाला हे सगळे आपापले जुने अंक मांडीवर घेऊन बसायचे, बारीक बॅटऱ्या मारून चित्राला चित्र ताडून बघायचे, आणि शेवटी अध्यक्षाने मंचावर जाऊन करणाऱ्याच्या तोंडावर निकाल सांगायचा. रातोमिरने आजवर कुणाची भीड ठेवली नव्हती. बेलग्रेडचा एक दिग्दर्शक त्याचं ऐकता ऐकता मागच्या दाराने सटकला होता, ही गोष्ट मंडळी अजून चवीने सांगतात.

आता त्या जागी यास्ना बसणार होती. त्याची एकुलती एक पोर. तिची आई, रुझित्सा, यास्ना दुसरीत असताना गेली, आणि तेव्हापासून बापलेकीत जे काही बोलणं उरलं ते हवामानाचं. यास्ना बेलग्रेडला राहायची, दर रविवारी फोन करायची. थंडी किती, रक्तदाब किती, जेवलास का, चल ठेवते. हा फोन हीच रातोमिरची सगळी मिळकत होती. सिनेमाचं त्याला पेपरातून कळलं होतं. मग गेल्या रविवारी तीच म्हणाली, "बाबा, शनिवारी चारचा खेळ. येशील ना?"

"येणार म्हणजे काय. अध्यक्ष आहे मी."

"मग अध्यक्षासारखाच बोल. माझ्याशी खोटं नको बोलूस. निदान या वेळी तरी."

"या वेळी तरी" हे शब्द त्याला आठवडाभर टोचत राहिले. सिनेमा आवडला नाही तर तिथे गोड बोलणं त्याला जमणार नव्हतं, चेहराच चुगली करायचा. आणि खरं बोलला तर रविवारचा फोन बंद.

सिनेमागृहाबाहेरच्या खांबापाशी झ्वोन्को उभा होता. झ्वोन्को मंडळाचा चिटणीस आणि गावाचा भोंगा. खांबावर नेहमीप्रमाणे मयतांचे कागद चिकटवलेले होते, जाड काळी चौकट, आत फोटो, खाली नाव आणि अंत्यविधीची वेळ. झ्वोन्को चष्मा वर करून एकेक वाचत होता.

"बघितलं रे. तू नाहीयेस यात, मीही नाही," तो म्हणाला. "म्हणजे सिनेमा बघायला हरकत नाही. काय, असा आखडून का उभा आहेस? पोरीला झोडायचंय म्हणून?"

"थंडी आहे."

"थंडी म्हणे! लेका, घाम आलाय तुला."

आत सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा आवाज चालू होता. यास्ना पहिल्या रांगेत बसली होती, केस आखूड कापलेले, पाठ ताठ. तिने मागे वळून पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा पुढे बघू लागली. रातोमिरच्या मांडीवर वुयोचा शेवटचा अंक होता. रिवाज म्हणून आणला होता, एरवी तो अंक त्याने कित्येक वर्षांत उघडला नव्हता.

अंधार झाला. पडद्यावर पांढऱ्यावर काळं, बस्स, दुसरा रंगच नाही. माणसं काळ्या कागदातून कातरल्यासारखी, चेहऱ्यांच्या जागी नुसत्या कडा. नदी म्हणजे एक जाड रेघ. आणि प्रत्येक दृश्याभोवती काळी चौकट, इतकी जाड की मधे चित्राला जेमतेम जागा उरावी.

"हे काय?" झ्वोन्को कुजबुजला. बॅटरी त्याच्या अंकावर फिरत होती. "बाराव्या पानावर पूल आहे. पूल कुठाय? आणि चौकटीला एवढी शाई? आपला वुयो काढणारा माणूस केसासारखी रेघ मारायचा रे!"

रातोमिरला वाटलं, सुटलो. चौकट जाड आहे, पूल गाळलाय, एवढंच बोलता येईल. तिला राग येईल, पण फोन तुटण्याइतका नाही. तो जरा मागे टेकला.

मग वुयोच्या होडीत एक जखमी माणूस चढला. कॉमिकमध्ये इथे त्याची उघडी जखम दिसते. पडद्यावर मात्र चौकटीच्या कडेने एक काळा हात आत आला, सावकाश पसरला आणि चित्र झाकून बसला. संगीत थांबलं. चार बोटं पूर्ण होती. अनामिका टोकाशी तुटलेली होती.

रातोमिरने आपला हात झटकन कोटाच्या खिशात घातला. कुणी पाहिलं नव्हतं, तरीही.

तो हात पुन्हा आला. जिथे जिथे काही वाईट व्हायचं असेल तिथे तो यायचा, आणि हळूहळू त्या वाईटाची भीती वाटेनाशी झाली. भीती हाताचीच वाटू लागली. शेजारच्या रांगेतली एक बाई तो कडेला दिसला की डोळे मिटायची. बियांचा आवाज कधीच थांबला होता. हा आपला हात आहे, आणि सगळं सभागृह त्याला घाबरतंय, हे त्याला समजत होतं आणि समजून घ्यायचं नव्हतं.

कारण त्याने तो हात प्रेमाने ठेवला होता. रुझित्सा गेली तेव्हा त्याने पोरीला सांगितलं, आई समुद्राकडच्या इस्पितळात आहे. पण गावात माणूस गेलं की घरचे खांबाखांबावर कागद लावतातच. रुझित्साच्या बहिणीने तिचेही लावले, आणि रातोमिरने पहाटे उठून शाळेच्या वाटेवरचे सगळे फाडले. बसथांब्याजवळचा एक मात्र निघेना, मेहुणीने गोंदाचं भांडंच ओतलं होतं. त्या सकाळी बस उशिरा आली आणि तोवर तो पोरीसमोर फोटोवर पंजा दाबून उभा राहिला. हसत, काहीबाही बडबडत. त्याच आठवड्यात वुयोचा शेवटचा अंक आला. बापलेक नेहमी अंक मिळून वाचायचे. त्यात धक्क्याच्या फळ्यांवर वुयोची बुडालेली बायको आडवी आहे, त्या चित्रावरही त्याने हात ठेवला आणि पान उलटलं. त्याआधी त्याने पोरीपासून एकही चित्र झाकलं नव्हतं.

पडद्यावर धक्का आला. वुयो फळ्यांकडे चालत होता. सभागृहात अंकांची पानं सळसळली, सगळ्यांच्या बॅटऱ्या त्याच चित्रावर. हात आला. या वेळी त्याने पडद्याचा बराचसा भाग व्यापला, चारी बाजूंनी फक्त काळी चौकट उरली, आणि रातोमिरला तो कागद दिसला, तो खांब, तो गोंद. म्हणून चौकट जाड होती. पूर्ण सिनेमाभर ती मयताच्या कागदाचीच चौकट होती.

मग हात उचलला गेला. खाली काही नव्हतं. कोरं पांढरं. ते पांढरं तसंच राहिलं, लोकांना संपूर्ण सभागृहात एकमेकांचे चेहरे दिसू लागले, कुणीतरी खाकरलं, कुणी ओरडलं, "अहो, फिल्म तुटली!" आणि सिनेमा संपला.

"काय रे हे!" झ्वोन्को उठून उभा राहिला होता. "बायको कुठाय? वुयोची बायको कुठाय? रातोमिर, जा वर. चांगली तासून काढ. पोरगी असली म्हणून काय झालं!"

टाळ्या अर्ध्यामुर्ध्या पडल्या. रातोमिर मंचाच्या पायऱ्या कशा चढला हे त्याला कळलं नाही. त्याने माइक तोंडाजवळ ओढला. खाली यास्ना त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला दिसलं की तीही घाबरली आहे. दुसरीतल्या पोरीइतकीच.

"झ्वोन्को म्हणतो, चौकट जाड झालीय," तो म्हणाला. "झालेली नाही. तेवढीच असते. मी पाहिलेली आहे."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आणि हात." त्याने खिशातून हात काढला आणि पुढे धरला. दिव्याच्या उजेडात तुटकं बोट सगळ्यांना दिसलं. "बोटं बरोबर आलीत. पांढऱ्याचं काय ते मी इथे सांगणार नाही. ज्यांनी सिनेमा केलाय त्यांना सांगेन."

तो खाली उतरला. आजवरचा सगळ्यात आखूड निकाल होता तो.

बाहेर उजेड मावळत आला होता. यास्ना खांबापाशीच येऊन थांबली. तिने सिगारेट काढली, पेटवली नाही.

"रागावलास?"

"नाही," तो म्हणाला. "मी तुला घाबरवलं?"

"चित्राला मी कधीच घाबरले नाही, बाबा. तुझ्या हाताला घाबरायचे. तो अंक मी नंतर चोरून उघडला. एक मेलेली बाई, एवढंच. मला वाटलं होतं याहून काहीतरी भयंकर असणार, नाहीतर तू कशाला झाकशील?" ती खांबाकडे बघत होती. "आई गेलीय हे मला वर्गातल्या मुलीने सांगितलं. तिच्या आजीने दुसऱ्या गल्लीत कागद वाचला होता. तुला विचारलं तर म्हणालास, आजाराने गेली. पण मुली म्हणायच्या, तिने नदीत उडी मारली. मला सोडून."

मुली असं म्हणायच्या हे रातोमिरला ठाऊक नव्हतं. त्याने खांबाला हात टेकला आणि मग भानावर येऊन काढून घेतला.

"सांग आता," ती म्हणाली. "पांढरं मी उगाच नाही ठेवलं. तिथे काय काढायचं ते मला माहीतच नाही."

इतकी वर्षं तो याच क्षणाला भीत आला होता. पळून जावंसं वाटलं. त्या दिग्दर्शकासारखं, मागच्या दाराने.

"मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "देवाशप्पथ, यास्ना. त्या दिवसांत ती गप्प गप्प असायची. काय होतंय विचारलं तर म्हणायची, काही नाही, थकलेय. संध्याकाळी कामावरून येताना धक्क्यावर जाऊन एक सिगारेट ओढायची, रोजचंच होतं तिचं. त्या दिवशी फळ्यांवर बर्फ होता. तामिश नदीतून तिला काढली तेव्हा कोट अंगात, बूट पायात. घसरली की... कुणी पाहिलं नाही. लोक म्हणाले उडी मारली. मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. काय म्हणणार? मी तो हात रोज उचलून बघतो गं. मलाही पांढरंच दिसतं."

तो बोलत सुटला, आता थांबायचीच भीती वाटत होती.

"धक्क्याच्या खुंटावर नुसती पिशवी होती. बेकरीची. पोलिसांनी मला आणून दिली. खसखशीच्या कीफ्ल्या होत्या, ताज्या. रात्री तुला दुधाबरोबर दिली ती त्यातलीच."

"किती होत्या?"

"काय?"

"कीफ्ल्या, बाबा. पिशवीत किती होत्या?"

असा प्रश्न त्याला कधी कुणी विचारला नव्हता. पोलिसांनीही नाही, त्याने स्वतःलाही नाही. तो आठवू लागला. "एक तू खाल्लीस. एक माझी, तिला मी तोंड लावलं नाही, तशीच टेबलावर पडून राहिली. आणि एक..." तो थांबला. स्वयंपाकघराची खिडकी त्याला दिसली, तिथे ठेवलेली ती कीफ्ली, जी वाळून दगड झाली तरी त्याच्याने टाकवली नव्हती. "एक उरली होती. तीन होत्या."

"तीन," यास्ना म्हणाली.

"तिलाच तर आवडायच्या खसखशीच्या," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. त्याने तोंडावर हात धरला.

यास्नाने तो हात धरून खाली घेतला. ती रडत होती, आणि हात सोडत नव्हती.

"स्वतःसाठी घेतली होती तिने. घरी येणार होती ती," ती म्हणाली. "बाबा, हेही तू झाकून ठेवलंस?"