बाबांसाठी मागणं

बाबांना पुरून आल्यावरही घरातली संध्याकाळची प्रार्थना चुकली नाही. जेवणाआधी टेबलाभोवती बसायचं, डोळे मिटायचे आणि प्रत्येकाने आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची, हा बाबांचाच शिरस्ता. आत्याची पाळी आली की अन्न गार व्हायचं. "देवाला सगळं ठाऊक आहे गं," बाबा बहिणीला म्हणायचे, "तू त्याला बातम्या देत बसू नकोस."

धाकट्या मुलाचं झालं, मग थोरल्या मुलीची पाळी आली. "आणि बाबांना आज रात्री नीट झोप लागू दे," ती बोलून गेली. सारं आजारपण याच वाक्यावर निभावलं होतं. जिभेला वळणच पडलं होतं.

मग आत्याने घाईघाईने आमेन म्हटलं.

"मेलेल्यांसाठी आपण मागत नाही, बाई," वाढता वाढता ती हळूच म्हणाली. "तुझ्या बापानेच चर्चच्या सबंध मंडळीला शिकवलंय."

"सवयीने गेलं तोंडातून."

"असू दे. मीही अजून त्याचं ताट काढते."

शिकवलं होतं खरं. बाबांचं काचेचं दुकान होतं. आठवडाभर खिडक्यांची तावदानं कापायची आणि रविवारी पाळक परगावी असले की उपदेशाला उभं राहायचं. चिरांनी भरलेली बोटं उंचावून ते सांगत, "आपल्या पुण्याईने काडीही हलत नाही. केवळ विश्वास, केवळ कृपा! मागे राहिलेल्यांनी हात जोडून काय होणार? देवापुढे आपला वकील एकच, आपला तारणारा, आणि त्याने खटला केव्हाच जिंकलाय." लोक हलके होऊन घरी जात. तीही जायची.

पण शेवटी शेवटी, ती उशाशी बसून स्तोत्र वाचत असताना, त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. "मिट ते पुस्तक. पलीकडे कुणी नाही. जन्मभर मी भिंतीशी बोललो." हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. विश्वासानेच तरायचं, तर ज्याचा विश्वासच सुटला त्याचं काय?

स्मरणाच्या उपासनेचं ठरवायला पाळक दुकानात आले, तेव्हा ती गिऱ्हाइकांच्या काचा वेगळ्या काढत होती. त्यांच्यासमोर मात्र तिला राहवलं नाही; बाबांचे ते शब्द तिने सांगून टाकले.

"आजार बोलत होता तो," पाळक म्हणाले.

"मग उपदेश करायचे तेव्हा तब्येत बोलत होती?"

पाळक ओशाळले. स्टूल ओढून बसले. "विश्वास ही देवाचीच देणगी असते, बाई. आपली पकड सुटली तरी त्याची सुटत नाही."

"बाबांच्या बाबतीत खात्री आहे तुम्हाला?"

"देवाच्या वचनाची आहे. त्यांच्या मनात काय होतं, ते मला कसं दिसणार?"

"मग मला त्यांच्यासाठी मागू द्या."

"नको म्हणतो ते बंदी आहे म्हणून नाही. मागायला काही उरलेलंच नाही. सगळं पुरं झालंय."

ते खोटं बोलत नव्हते, हे तिला दिसत होतं. याच शब्दांवर बाबांनी कितीतरी घरांचं रडू थांबवलं होतं. तिच्यापुढे मात्र ते शब्द लावलेल्या दारासारखे उभे होते. आजारपणात निदान औषध पाजता येत होतं, कूस बदलून देता येत होती. आता तेवढंही नाही.

संध्याकाळी तिची पाळी आली.

"बाबांना आत घे," ती म्हणाली. ही सवय नव्हे, हे सगळ्यांना कळलं. आत्याने टेबलाखालून तिचा हात दाबला. ती थांबली नाही. "त्यांचा विश्वास कमी पडत असेल, तर माझा त्यांच्या नावावर घाल."

देऊ केला तो विश्वास आपल्याजवळ कुठे आहे म्हणून तिने आत चाचपून पाहिलं. हाताला काही लागेना. शेजारी आत्याने नाक पुसलं आणि आपली प्रार्थना सुरू केली.