बाटलीवर नाव मधुकर साने

चोवीस वर्षं शुगर सांभाळलेला माणूस लघवीच्या एका बाटलीला घाबरतो, याला काय म्हणायचं? पण आमचे हे घाबरले होते. तीन महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, किंचित जास्त आलेलं. "एका रिपोर्टवरून काही ठरत नाही, परत तपासू," असं आमच्या डोंबिवलीच्या डॉक्टर देवयानी म्हणाल्या होत्या. ह्यांनी ऐकलं फक्त 'किडनी'. बाळकुमचे मोठे दीर दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत, ते ह्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

तपासणीच्या सकाळी बाटली माझ्यापुढे धरून म्हणाले, "सुमती, तू दे."

"काय?"

"तुझी दे गं. तुला काही नाहीये. एकदा चांगला रिपोर्ट आला की मला धीर येईल. मग माझी देतो."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? शाळेतली पोरं बरी!"

चांगलं फैलावर घेतलं मी. पण ते बाटली पुढे धरूनच उभे राहिले हो. शेवटी दिली भरून. वर नाव त्यांचं.

रिपोर्ट आला. मागच्या वेळी अठ्ठेचाळीस, या वेळी तीनशे दहा.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "काका, ताप होता? लघवीला जळजळ?" ह्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मग त्या समजावू लागल्या. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की किडनीतल्या बारीक गाळण्यांना दाह होतो. हाताला जखम झाली की ती लाल होते, दुखते, आपल्याला कळते. हा दाह आतल्या आत चालतो, दुखत काहीच नाही. शरीर दुरुस्तीला धावतं आणि त्या धांदलीत गाळण्या आणखीच खराब होतात, त्यांच्यावर वण धरतात, प्रथिनं लघवीतून गळायला लागतात.

"पण तीन महिन्यांत एवढं वाढलं कसं?" त्या म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टर, ती माझी होती."

मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी नुसतं शुगरचं मशीन पुढे ओढलं. "काकू, तुमची शुगर शेवटची कधी बघितलीत?"

काय सांगणार, कपाळ? चोवीस वर्षं ह्यांच्याबरोबर लॅबमध्ये जाते, ह्यांची पिशवी सांभाळत बाकावर बसते. माझं बोट कुणी मागितलं नाही आणि मीही पुढे केलं नाही. घरात आलेलं गोड ह्यांना चालत नाही, टाकवतही नाही, म्हणून मीच संपवायचे.

आकडा आला दोनशे ब्याऐंशी. मला रडू फुटलं. ह्यांचा नाही, स्वतःचाच भयंकर राग आला.

"दोघांच्याही तपासण्या परत करू. ज्याची त्याची," डॉक्टर म्हणाल्या. "पण काकू, तुमच्या गोळ्या आजपासून सुरू. आत्ता धरलं तर पुढचं नुकसान बरंच लांबवता येतं."

स्वतःच्या किडनीबद्दल तीन महिने एक अक्षर विचारायची हिंमत नसलेला हा माणूस खुर्ची पुढे ओढून बसला. खिशातलं पेन काढलं आणि म्हणाला, "हिचं आधी सांगा. सगळं सांगा, मी लिहून घेतो."