दवाखान्याच्या अंगणात खो-खो

१९६८ सालची गोष्ट. हाँगकाँगकडून निघालेला ताप जगभर फिरतोय, असं रेडिओवर सांगत होते. बालाजीची यात्रा उठली आणि हा ताप देऊळगाव राजाच्या आसपास घराघरांत शिरला. तिथल्या एका छोट्या दवाखान्यात खाटा संपल्या, व्हरांड्यात सतरंज्या पडल्या. नर्सा नुसत्या चहावर दिवस ढकलत होत्या.

एका दुपारी चांगुणा, सगळ्यांत नवी नर्स, सुया उकळता उकळता धाडकन कोसळली. तिलाही ताप आला म्हणून सगळ्या हबकल्या. मुख्य नर्स अन्नपूर्णाबाईंनी कपाळाला हात लावला, तर अंग गार.

"शेवटचं कधी जेवलीस गं?"

चांगुणाला आठवेना.

"ताप नाही हिला, उपास घडलाय," बाई कडाडल्या. "आजपासून जेवल्याशिवाय वॉर्डात पाय ठेवायचा नाही. ड्यूटी संपली की गप झोपायचं. आणि संध्याकाळी अंगणात खो-खो!"

"खो-खो?" चांगुणा उठूनच बसली. "बाई, लोक काय म्हनतीन?"

"म्हणू देत. आपणच आडव्या पडलो तर यांना बघणार कोण?"

पहिल्या दिवशी नर्सा लाजत लाजत खेळल्या, दुसऱ्या दिवशी पदर खोचून, आणि चौथ्या दिवशी तर दवाखान्यातल्या आयासुद्धा खो घ्यायला रांगेत येऊन बसल्या. भूक लागू लागली, झोप लागू लागली. अशाच एका संध्याकाळी, ऐन रंगात, भगवानराव पाटील फाटकातून तरातरा आत आले. त्यांची आई झुंबरबाई वॉर्डात होती.

"इथं माही माय तापानं फणफणून राह्यली, अन् तुम्ही खेळून राह्यल्या?"

सगळ्या जागच्या जागी थिजल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "भगवान्या, बाजूले सर! मले दिसत नाही!"

कालपर्यंत उशीवरून डोकं न उचलणारी झुंबरबाई व्हरांड्याचा खांब धरून उभी होती. "पळ वं चांगुणा! थांबली काऊन?"

भगवानराव चटकन बाजूला सरले. तोच हॉर्न वाजला आणि जालन्याहून आलेली एसटी थेट अंगणात घुसली. कंडक्टरनं उडी मारली. "बाई, धावा! अर्धी गाडी तापानं पडली हाय. ड्रायव्हरच्या हाती स्टेअरिंग राहीना!"

खेळ मोडला. हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून नर्सा गाडीकडे धावल्या. चांगुणा सगळ्यांच्या पुढे. एकेकाला खांद्याचा आधार देत तिनं उतरवलं, पुन्हा चढली, पुन्हा उतरवलं. पाय थकेचनात!

"भाऊ, उभे काय राह्यले? ह्या बाबाले धरा!" तिनं भगवानरावांनाच हुकूम सोडला. पाटलांनी मुकाट्यानं म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं.

ड्रायव्हरची धाप वाढली होती. अन्नपूर्णाबाईंनी त्याला ऑक्सिजन लावला आणि रात्रपाळीच्या झोपून ताज्या झालेल्या पोरींना जवळ बसवलं. चांगुणाला त्यांनी दामटून घरी पाठवलं.

सकाळी ती जेवूनच आली. खाटेवर ड्रायव्हर टेकून बसला होता, श्वास संथ झाला होता.

"सिस्टर," तो क्षीण हसला, "चहा भेटंन काय?"

 ही बातमी सांगायला चांगुणा व्हरांड्यातून अन्नपूर्णाबाईंकडे सुसाट पळत सुटली.